शापित गंधर्वाची पटकथा

संगीतकाराच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात ‘शापित गंधर्व’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे येतो, की त्यामागे एक सिद्धान्त आहे याचे भान लिहिणाऱ्यालाही उरत नाही. गंधर्व मुळातला स्वर्गातला. त्याचे गाणे त्याला जन्मतःच मिळालेले. शापामुळे तो भूतलावर आला आणि येथले त्याचे हाल म्हणजे त्या शापाची फेड. या मिथकात गंधर्वाने गाणे कोठे, कोणापाशी, किती वर्षे शिकले हा प्रश्न उद्भवतच नाही. गाणे ही देणगी आणि दुःख ही तिची किंमत, असा सरळ हिशेब त्यात मांडलेला असतो. व्यसन, कर्ज, वेड, अकाली मरण यांपैकी काहीतरी त्या हिशेबात किमतीच्या रकान्यात बसते आणि प्रेक्षक हळहळत घरी जातो. या हळहळीला आस्वाद म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती तपासून पाहिली पाहिजे.

चित्रपटाची अडचण समजण्यासारखी आहे. संगीत हे कालाचे संघटन आहे आणि कथापटही कालाचेच संघटन करतो. पण दोघांच्या कालाची जात वेगळी. रियाज म्हणजे पुनरावृत्ती. तोच पलटा, तेच स्वरवाक्य, तीच चूक, आणि कित्येक महिन्यांनी कधीतरी ती चूक न होणे. कथानकाला पुनरावृत्ती सोसत नाही. त्याला घटना हवी असते. आणि घटना म्हणून दाखवता येण्याजोगे जे असते ते बहुधा संगीताच्या बाहेर घडलेले असते: बापाचा मार, भावाचा मृत्यू, पहिली सुई, शेवटची बाटली. म्हणून पटकथाकार संगीताच्या बाहेरचे उचलतो आणि ते संगीताचे कारण म्हणून आत आणून बसवतो. येथपर्यंत ती सोय असते. प्रेक्षक आणि त्याच्या मागोमाग समीक्षक त्या सोयीला सत्य मानू लागले, की ती अपसमज होते.

ही सोय किती ठोकळेबाज आहे ते पाहायचे तर दोन अमेरिकी चित्रपट शेजारी ठेवावेत. ‘रे’ (२००४) हा रे चार्ल्सवरचा, तर ‘वॉक द लाइन’ (२००५) जॉनी कॅशवरचा. एक कृष्णवर्णीय, अंध, पियानोवर बसणारा. दुसरा गौरवर्णीय, कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातला, गिटार घेऊन उभा राहणारा. दोघांचे संगीत वेगळे, श्रोते वेगळे. तरीही दोन्ही चित्रपटांत बालपणी एक भाऊ मरतो, त्या मृत्यूची अपराधी जाणीव नायकाला आयुष्यभर छळते, व्यसन त्या छळातून येते आणि नायक व्यसनातून बाहेर पडला की चित्रपट शेवटाकडे वळतो. भावांचे मृत्यू खरे आहेत, हे मान्य. पण दोन इतक्या भिन्न संगीतांना एकच कारण पुरत असेल, तर ते कारण त्यांपैकी एकाही संगीताविषयी काहीच सांगत नाही, हेही मान्य करावे लागते. २००७ मध्ये ‘वॉक हार्ड’ नावाचे विडंबन आले. त्यात लहानगा नायक खेळताखेळता भावाचे चुकून दोन तुकडेच करतो. प्रेक्षकांना हसू आले ते साचा पाठ झालेला होता म्हणून. विडंबनानंतर साचा मोडायला हवा होता. तो मोडला नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) ने तो पुन्हा वापरला आणि अमाप पैसा मिळवला.

पण कमअस्सल उदाहरणावर हत्यार चालवण्यात अर्थ नाही. प्रश्नाची खरी परीक्षा व्हायची तर ती या प्रकारातल्या सर्वांत प्रामाणिक कृतीवर व्हावी. क्लिंट ईस्टवूड यांचा ‘बर्ड’ (१९८८) ही तशी कृती आहे. चार्ली पार्कर (१९२०–१९५५) या आल्टो सॅक्सोफोनवादकावरचा हा चित्रपट धंद्याचा हिशेब करून काढलेला नव्हे. ईस्टवूड यांनी कुमारवयात ओकलंडला पार्करला प्रत्यक्ष ऐकले होते आणि जाझवरचे त्यांचे प्रेम आयुष्यभराचे आहे. प्रमुख भूमिकेबद्दल फॉरेस्ट व्हिटेकर यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले आणि ध्वनीसाठी चित्रपटाला ऑस्कर मिळाले. नेमके हे ध्वनीचे पारितोषिकच वादाच्या केंद्रस्थानी आणावयास हवे.

पार्करची मूळ ध्वनिमुद्रणे चाळीस आणि पन्नासच्या दशकांतली, एकाच मार्गिकेवर सारी वाद्ये एकत्र उतरलेली. चित्रपटगृहात ती जुनाट वाटतील म्हणून लेनी नीहाउस या संगीत दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली पार्करचा सॅक्सोफोन इलेक्ट्रॉनिक उपायांनी त्यांतून बाहेर काढण्यात आला. मूळचे ड्रम, पियानो, बेस शक्य तितके पुसले गेले आणि त्या सुट्या स्वराभोवती नव्या वादकांकडून साथ वाजवून घेण्यात आली. हे वादक सामान्य नव्हते. रे ब्राउन, रॉन कार्टर, बॅरी हॅरिस, माँटी अलेक्झांडर यांच्यासारखी नावे त्यांत आहेत. पार्करचा एकेकाळचा जोडीदार रेड रॉडनी यानेही ट्रम्पेट वाजवला आहे, आणि तो पडद्यावर एक पात्र म्हणूनही येतो. तांत्रिकदृष्ट्या ही कामगिरी थक्क करणारी आहे. संगीतदृष्ट्या ती शवविच्छेदनाच्या जातीची आहे.

बीबॉप या शैलीचा प्राण संभाषणात आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात ‘को-को’ ध्वनिमुद्रित झाले तेव्हा मिनिटाला तीनशे मात्रांच्या आसपासच्या त्या भन्नाट गतीत पार्करची वाक्ये आणि मॅक्स रोचचे ड्रमवरचे आघात एकमेकांना ढकलत, अडवत, वाट देत पुढे जातात. रोचने एक ठोका अनपेक्षित ठिकाणी टाकला की पार्करचे वाक्य तेथे वळते. त्या वळणाचे सौंदर्य दोघांचे मिळून असते. रोचला पुसून पार्कर शिल्लक ठेवला, तर ते वळण उरते पण त्याचे प्रयोजन नाहीसे होते. नवा ड्रमवादक कितीही कुशल असो, तो पार्करला उत्तर देऊ शकतो. पार्कर त्याला देऊ शकत नाही. एक माणूस चार दशकांपूर्वी बोलून गेला आणि आजची मंडळी त्याच्याभोवती बसून मान डोलावत आहेत, असे ते दृश्य आहे. तबला-सारंगी पुसून नव्या साथीवर चढवलेले बालगंधर्वांचे पद ज्यांना ‘शुद्ध बालगंधर्व’ वाटेल त्यांनाच हा ‘शुद्ध पार्कर’ वाटावा. तिरखवाँचा ठेका आणि कादरबक्षांची सारंगी ही त्या गाण्याची बाह्य सजावट होती असे मराठी रसिक म्हणणार नाही. पार्करच्या बाबतीत मात्र तसे करणे म्हणजे जीर्णोद्धार असे सर्वांनी मानले.

ध्वनीच्या पातळीवर जे घडले तेच कथनाच्या पातळीवर घडले आहे, आणि म्हणून ते ध्वनिपट्ट्याचे किरकोळ तांत्रिक प्रकरण राहत नाही. चित्रपट पार्करला त्याच्या संगीतसमाजातून सुटा करून काढतो. तो मुख्यतः पार्करची सहचरी चॅन हिच्या आठवणींवर आधारलेला आहे. त्यामुळे पार्कर दिसतो तो घरी उशिरा येणारा, पैसे उधळणारा, लाघवी, हताश पुरुष म्हणून. चॅनच्या बाजूने ते चित्र खोटे नाही. तिने सोसले आहे आणि तिला ते सांगण्याचा अधिकार आहे. परंतु ज्या रात्री पार्कर घरी नव्हता त्या रात्री तो कोठे होता, कोणाबरोबर कोणती स्वरसंगती सोडवत होता, हे चॅनच्या खिडकीतून दिसणे शक्य नव्हते. दिग्दर्शकाने दुसरी खिडकी शोधलीच नाही.

निवेदनाचा आरंभच पाहावा. १९५४ साली पार्करने आयोडिन पिऊन आत्महत्येचा प्रयत्न केला, तेथून कथा मागे जाते आणि मग त्या मागच्या काळातून आणखी मागे. काळाची ही गुंतागुंत जाझच्या रचनेसारखी आहे असे कौतुक झाले. ते उथळ आहे. मरणाच्या बाजूने उघडलेल्या कथनात मागची प्रत्येक गोष्ट मरणाची पूर्वसूचना होऊन बसते. तरुणपणची थट्टा, प्रेम, दक्षिणेतला दौरा, एखादी उत्तम मैफल, सगळ्यांवर आधीच काळी छाया पडलेली असते. जाझमध्ये पुढचे वाक्य काय येईल हे माहीत नसते. येथे सर्व काही आधीच माहीत असते.

या रचनेत एक प्रतिमा वारंवार येते: हवेत फिरत जाणारी झांज. कॅन्सस सिटीत १९३६ च्या सुमारास किशोरवयीन पार्कर एका खुल्या मैफलीत चुकला, तेव्हा काउंट बेसीच्या वाद्यवृंदातला ड्रमवादक जो जोन्स याने त्याच्या पायांपाशी झांज भिरकावून त्याला थांबवले, ही आख्यायिका जाझच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ईस्टवूड ही झांज संथगतीने पुनःपुन्हा उडवतात. अपमानाची जखम हेच जणू पुढच्या सर्व वादनाचे मूळ. पण त्या झांजेनंतर काय झाले? १९३७ च्या उन्हाळ्यात पार्कर जॉर्ज ली याच्या वाद्यवृंदाबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात गेला. बरोबर बेसीच्या तबकड्या होत्या. त्यांतले लेस्टर यंगचे सोलो त्याने एकेक करून उतरवून घेतले. परतला तेव्हा त्याला ओळखणारे चकित झाले. १९५४ मध्ये पॉल डेझमंडशी झालेल्या मुलाखतीत पार्करने स्वतःच सांगितले आहे, की तीन-चार वर्षे तो दिवसाला अकरा ते पंधरा तास वाजवत असे. म्हणजे त्या आयुष्यातली खरी घटना झांज नव्हे; तो उन्हाळा आहे. झांज पडायला एक क्षण लागला आणि चित्रपटात ती अनेकदा पडते. त्या उन्हाळ्यावर मात्र चित्रपटाच्या रचनेचा कोणताच भार नाही. (पुढे ‘व्हिपलॅश’ (२०१४) मधल्या क्रूर शिक्षकाने हीच झांज आपल्या छळाचे समर्थन म्हणून वापरली. मिथके अशी वारसाहक्काने हस्तांतरित होतात.)

ओझार्कमधला उन्हाळा वगळला जातो कारण तो दाखवला तर पार्कर बुद्धिमान ठरेल. हे विधान कठोर आहे, पण टाळता येण्यासारखे नाही. जो मनुष्य तबकडी ऐकून दुसऱ्याची वाक्यरचना आत्मसात करतो, ‘चेरोकी’ सारख्या गाण्याच्या स्वरसंगतीवर ‘को-को’ ही सर्वस्वी नवी रचना उभी करतो, तो विचार करणारा मनुष्य असतो. शापित गंधर्वाला विचार करावा लागत नाही. त्याच्यातून गाणे वाहते. कृष्णवर्णीय कलावंताच्या बाबतीत या ‘वाहण्या’ची कल्पना अधिकच विषारी होते, कारण तो निसर्ग आणि आपण संस्कृती, हा गोऱ्या रसिकाचा जुना भ्रम तिच्यात सुखरूप राहतो. व्हिटेकर यांचा पार्कर निरागस आहे, अगतिक आहे, प्रेमळ आहे. तो कोठेही आपल्या संगीताचा कर्ता दिसत नाही. ते त्याच्या बाबतीत घडते.

त्याच्या दुःखाचेही असेच. १९४० पासून १९६७ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या ठिकाणी वाजवायचे तर पोलिसांकडून मिळणारे ‘कॅबरे कार्ड’ लागत असे. ते पोलीस काढूनही घेऊ शकत. बिली हॉलिडेचे १९४७ मध्ये गेले, थेलोनियस मंकचे १९५१ मध्ये. पार्करचेही १९५१ मध्ये गेले आणि सुमारे दोन वर्षे तो त्या शहरातल्या क्लबांत उघडपणे वाजवू शकला नाही. ज्याचे पोट क्लबांवर चालते त्याच्या तोंडचा घास काढून घेणारी ही व्यवस्था होती. ‘बर्ड’मध्ये पार्करच्या मागे लागलेला एक अंमली-पदार्थ-अधिकारी आहे, दुष्ट आहे, लक्षात राहतो. पण दुष्ट माणूस दाखवला की नियम दिसेनासा होतो. एकाच शहरात, एकाच दशकात, एकाच वर्णाच्या इतक्या कलावंतांना एकाच कायद्याने गाठावे याला शाप म्हणत नाहीत.

चित्रपटाला हे अजिबात उमगलेले नाही असेही नाही. त्यातला डिझी गिलेस्पी एके ठिकाणी पार्करला साधारण असे सांगतो, की आपण सुधारक होऊ पाहतो आणि तू हुतात्मा. आणि लोक हुतात्म्यालाच अधिक काळ ध्यानात ठेवतात. हे चित्रपटातले सर्वांत शहाणे दृश्य. गिलेस्पीने आपला वाद्यवृंद चालवला, पुढच्यांना शिकवले, बीबॉपला क्यूबाच्या तालांशी जोडले, १९९३ पर्यंत जगला. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या हाती गिलेस्पीवरचा चित्रपट होता. तो न काढता हुतात्म्यावरचाच चित्रपट काढला गेला आणि वर त्या निवडीबद्दल पात्राकरवी खेद व्यक्त झाला. स्वतःचा दोष स्वतःच उच्चारला की तो माफ होतो अशी समजूत समकालीन कलेत बरीच पसरलेली आहे.

या साऱ्या व्यवहारावरची सर्वांत तिखट टीका चित्रपटाच्या तीस वर्षे आधी एका कथेत होऊन गेली आहे. हुलिओ कोर्तासार यांच्या ‘पाठलाग करणारा’ (१९५९) या दीर्घकथेतला जॉनी कार्टर हा उघडच पार्करवरून घेतला आहे. कथेची अर्पणपत्रिकाही तसे सुचवते. पण निवेदक जॉनी नाही. निवेदक आहे ब्रुनो, जॉनीचे चरित्र लिहून नाव कमावलेला समीक्षक. जॉनी त्याला कालाविषयी सांगू पाहतो: भुयारी रेल्वेच्या दोन स्थानकांमधल्या दीड मिनिटात आपण पाव तासाचे जगून येतो, हे कसे? ब्रुनोला ते कळत नाही; त्याला पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची काळजी आहे. जॉनी म्हणतो की पुस्तक चांगले आहे, पण त्यात आपण नाही. जॉनी मेला की ब्रुनोला हायसे वाटते, कारण आता चरित्र पुरे झाले, ते खोडून काढणारा कोणी उरला नाही. कोर्तासारांनी प्रश्न जागच्या जागी ठेवला: संगीतकाराचे दुःख कोणाच्या कामी येते? जॉनीला पछाडणारी गोष्ट काल आहे, म्हणजे संगीताचेच द्रव्य. व्यसन त्याच्या वाटेत येते. वाट तेथून निघत नाही.

एका ध्वनिमुद्रणाच्या प्रसंगाने हा फरक नेमका दिसतो. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजलिसमध्ये पार्कर ‘लव्हर मॅन’ वाजवताना कोसळण्याच्या बेतात होता. त्याच रात्री हॉटेलात आग लागली, अटक झाली आणि पुढचे सुमारे सहा महिने कामारिल्योच्या मनोरुग्णालयात गेले. ती तबकडी बाजारात आली तेव्हा पार्कर संतापला. ती त्याला नको होती. रसिकांनी मात्र तिच्यातल्या तुटलेपणाला काव्य मानले. कोर्तासारांच्या कथेतही जॉनी अशी एक तबकडी नष्ट करा म्हणतो आणि ब्रुनोला ती महान वाटते. मग पार्कर बरा होऊन बाहेर आला आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने ‘रिलॅक्सिन ॲट कामारिल्यो’ मुद्रित केले: बारा मात्राखंडांच्या ब्लूजवर आडव्यातिडव्या लयीची, खोडकर, कसून बांधलेली रचना. रुग्णालयाविषयी पार्करचे म्हणणे काय होते ते या रचनेत ऐकावे. तेथे आक्रोश नाही, चातुर्य आहे. शाप-सिद्धान्ताला यापैकी पहिली तबकडी लागते. दुसरीचे काय करावे हे त्याला समजत नाही.

संगीतकार पडद्यावर आणण्याचा दुसरा मार्गच नाही असे नव्हे. बर्त्राँ ताव्हेर्निए यांच्या ‘राउंड मिडनाइट’ (१९८६) मध्ये बड पॉवेल आणि लेस्टर यंग यांच्यावरून रचलेल्या नायकाची भूमिका डेक्स्टर गॉर्डन या सॅक्सोफोनवादकालाच दिली गेली आणि संगीत चित्रीकरणाच्या वेळीच, कॅमेऱ्यासमोर वाजले. त्यामुळे तेथे श्वास ऐकू येतो, दोन वाक्यांमधला थकवा ऐकू येतो, साथीदाराने ते वाक्य कसे सावरून घेतले तेही दिसते. याही चित्रपटात एक गोरा तारणहार आहेच, त्याची भाबडी भक्ती अधूनमधून असह्य होते. पण गाणे वाजू लागले की कथा थांबून वाट पाहते. हे सौजन्य ‘बर्ड’ला क्वचितच सुचते. मणि कौल यांच्या ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) ने तर नक्कलच नाकारली. बनारसच्या ठुमरीगायिका सिद्धेश्वरी देवी (१९०८–१९७७) यांचे अनाथ बालपण, मावशीच्या घरचे दिवस हे सारे त्यात आहे. मिता वसिष्ठ त्यात वावरतात. परंतु हे घडले म्हणून असे गाणे आले, असा सांधा कोठेही जोडलेला नाही. अखेरीस अभिनेत्री पडद्यावरच्या खऱ्या सिद्धेश्वरींना गाताना पाहते. पाहणारी आणि गाणारी यांच्यातले अंतर बुजवण्याचा आव चित्रपट आणत नाही.

मराठीतली स्थिती पाहू गेल्यास ‘बालगंधर्व’ (२०११) समोर येतो. रवी जाधव यांचे दिग्दर्शन, सुबोध भावे यांची भूमिका, आनंद भाटे यांचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारे गायन, यांवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि त्यातले कौतुक अनाठायी नाही. पण त्या लिखाणात पुनःपुन्हा आलेला प्रसंग कोणता? १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली आणि नारायणराव रंगभूमीवर उभे राहिले, तो. ही मराठीतली झांज आहे. प्रसंग खरा आहे, हृदयद्रावक आहे आणि त्यातून बालगंधर्वांच्या एकाही स्वराचा उलगडा होत नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी ज्या रागदारी चिजांवर पदे बेतली, त्या पेलण्यासाठी गळा कसा तयार केला गेला, ख्यालाचा विस्तार पदाच्या चौकटीत किती मावतो याचा निर्णय रोजच्या प्रयोगात कसा होत गेला, हा उलगडा आहे. कर्जाचेही तसेच. भोळेपणा, उधळेपणा, अत्तरे आणि भरजरी शालू यांची कथा सांगितली की ते कर्ज स्वभावदोष होते, म्हणजे पुन्हा शाप. १९३२ नंतरचा बोलपट, नाटक कंपनीचा अवाढव्य खर्च, बदललेला प्रेक्षक, हा अर्थव्यवहार असतो. ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये वसंतराव देशपांड्यांच्या लष्करी लेखा खात्यातल्या कारकुनीला पटकथेत जागा मिळाली, हे त्या मानाने पुढचे पाऊल म्हणावे लागेल: गाण्याच्या आड येणारी गोष्ट रोज दहा ते पाचही असू शकते, हे निदान एका चित्रपटाने पाहिले.

येथे मराठी समीक्षेला एक प्रश्न विचारणे भाग आहे. कवितेला कवीच्या चरित्रापासून मोकळे करण्यासाठी ज्या समीक्षेने मर्ढेकरांपासून पुढे इतका झगडा केला, संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची भाषा घडवली, नंतर बार्थ यांच्या ‘लेखकाच्या मृत्यू’वर परिसंवाद भरवले, ती समीक्षा संगीतकार पडद्यावर येताच चरित्रापुढे शस्त्रे का ठेवते? केशवसुतांच्या कवितेचे कारण त्यांच्या दारिद्र्यात शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापणारे प्राध्यापक बालगंधर्वांच्या स्वराचे कारण मुलीच्या चितेत शोधतात. उत्तर सुखद नाही. कवितेबद्दल बोलण्याची भाषा त्यांच्यापाशी आहे. स्वराबद्दल बोलण्याची नाही. अशोक दा. रानडे यांच्यासारख्यांनी ती घडवायला घेतली, पण साहित्याच्या विभागाने ती संगीताच्या विभागाची बाब मानली. भाषा नसली की करुणा तिची जागा घेते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. दुःख वगळावे असे म्हणणे आहे काय? पार्करच्या दंडावरच्या सुईच्या खुणा झाकून त्याचे देखणे तैलचित्र काढावे काय? तसे मुळीच नाही. दुःख दाखवावे; ते ज्याने दिले त्यालाही दाखवावे. तक्रार आहे ती दुःखाला संगीताची जन्मदात्री करण्याबद्दल. कारण या सिद्धान्ताने माणसे मेली आहेत, आणि हे अलंकारिक विधान नव्हे. पार्करसारखे वाजवायचे तर पार्करसारखे जगावे लागेल, अशी समजूत त्याच्या हयातीतच पसरली आणि तरुण वादकांची एक पिढी हेरॉइनकडे गेली; रेड रॉडनी त्यांतलाच. पार्करला हे ठाऊक होते. नशेत आपण अधिक चांगले वाजवतो असे म्हणणारा वादक सरळ खोटारडा आहे, असे त्याने १९४९ मध्ये ‘डाउन बीट’ या नियतकालिकाला सांगितले. स्वतःच्या आयुष्याच्या अर्थाविषयी त्याने दिलेली ही साक्ष. ईस्टवूड यांनी ती उलटवली नाही, असे त्यांचे चाहते म्हणतील. त्यांच्या पार्करलाही व्यसनाचा वीट आलेला आहे. पण चित्रपटाच्या शेवटी डॉक्टर मृताच्या वयाचा चुकीचा अंदाज करतो आणि चौतिसाव्या वर्षी म्हातारा झालेला देह हे त्या आयुष्याचे अंतिम चिन्ह ठरते. प्रेक्षक घेऊन जातो ते हे चिन्ह, साक्ष नव्हे.

पार्करचा जो खरा परिणाम सांगण्याजोगा आहे तो कोणत्याही कथापटात नाही. जानेवारी १९५३ मध्ये माइल्स डेव्हिसच्या एका ध्वनिमुद्रणाला पार्कर आणि बावीस वर्षांचा सॉनी रोलिन्स एकत्र आले. रोलिन्स तेव्हा व्यसनात होता आणि सुटलो आहे असे त्याने पार्करला खोटेच सांगितले. खरे कळले तेव्हा पार्कर दुखावला. रोलिन्स पुढे लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात दाखल झाला, बरा झाला. पण तो तेथे असतानाच, मार्च १९५५ मध्ये, पार्कर वारला. आपण सुटलो हे त्याला सांगायचे राहून गेले. चार वर्षांनी, कीर्तीच्या ऐन भरात, आपले वादन आपल्याला पुरत नाही म्हणून रोलिन्सने जाहीर मैफली थांबवल्या आणि १९५९ ते १९६१ या काळात तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास एकटा वाजवत राहिला. उन्हाळ्यात, थंडीत, खालून बोटी आणि बाजूने गाड्या जात असताना. या दोन वर्षांत कोणी मेले नाही, कोणी सुई टोचून घेतली नाही. पटकथाकाराच्या दृष्टीने तेथे काहीच घडले नाही.